जागा कोण अडवतंय?

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हंगामाचा सण झाला की लिलाव होतो. वेदीपुढे सोयाबीनचं पोतं, संत्र्यांचे क्रेट, ओल्या तुरीच्या शेंगा, पाय बांधलेल्या दोन गावरान कोंबड्या, कुणाचा घरचा जवस, कुणाचं मांडवावरचं कोहळं. उपासना संपली की तरणी पोरं एकेक वस्तू उचलून बोली लावतात. साठ रुपयांचं कोहळं पाचशेला जातं, कारण ते कुणाच्या तरी आजीनं वाढवलेलं असतं आणि आजी पहिल्याच बाकावर बसलेली असते. मला हा सण लहानपणापासून आवडतो. ख्रिसमसपेक्षाही जास्त, खरं सांगायचं तर.

एका वर्षी मात्र सोयाबीन ऐन सोंगणीत भिजलं. उभ्या झाडावर शेंगेतच कोंब फुटले. त्या वर्षी सणाला बाहेरून एक प्रचारक बोलावले होते. त्यांनी लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायातला, फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला घेतला आणि पाऊण तासात तो अशा जागी आणून ठेवला: ज्याच्या शेतात यंदा फळ नाही, त्यानं आधी आपल्या जीवनात डोकावून बघावं. मागच्या बाकावर आमच्या गावचे एक काका बसले होते. चार एकरांचे कास्तकार. त्या दिवशी रिकाम्या हातानं आले होते. त्यांनी टोपी उचलली, बाहेर गेले आणि लिलाव संपेपर्यंत हातपंपाजवळ उभे राहिले. मी पाणी प्यायच्या निमित्तानं गेले, तर म्हणाले, "पोरी, मायं पाप एवढं मोठं असतं तं पाणी माह्याच वावरात पडलं असतं. साऱ्या शिवारात काहून पडलं?"

या प्रश्नाचं उत्तर त्याच अध्यायात, दाखल्याच्या काही ओळी आधी आहे, आणि प्रचारकांनी तेवढंच सोडलं होतं. लोक येशूकडे एका हत्याकांडाची बातमी घेऊन येतात, तेव्हा तो स्वतःहून दुसरी आठवण काढतो: शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती काय यरुशलेमेतल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त पापी होती? नाही, असं तो स्पष्ट सांगतो. पुढे पश्चात्तापाचंही बोलतो, पण ते तुम्हा सर्वांना उद्देशून. मेलेल्यांकडे बोट दाखवून नव्हे. हे बोलणं चालू असतानाच अंजिराचा दाखला येतो. म्हणजे संकट आलेल्या माणसाच्या चारित्र्याचा पंचनामा करू नका, हे सांगून झाल्यावर जो दाखला दिला, तोच आम्ही पंचनाम्यासाठी वापरतो.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी दाखला थोडक्यात सांगते. एका माणसाच्या द्राक्षमळ्यात अंजिराचं झाड आहे. मालक तीन वर्षं येतोय, फळ नाही. तो माळ्याला म्हणतो, तोडून टाक, यानं जागा तरी का अडवावी? माळी म्हणतो, महाराज, हे एक वर्ष राहू द्या. मी भोवती खणतो, खत घालतो. पुढे फळ आलं तर ठीकच, नाही तर तुम्ही तोडा. माळी 'मी तोडीन' म्हणत नाही, 'तुम्ही तोडा' म्हणतो. कुऱ्हाड हातात घ्यायला तो शेवटपर्यंत तयार नाही, आणि कुदळ मात्र मागायच्या आधीच उचलतो. दाखला तिथंच थांबतो. पुढच्या वर्षी फळ आलं की नाही, लूक सांगत नाही.

आता या दाखल्यात मंडळीची जागा कोणती? पाळक, प्रचारक, पंच, आपण सगळे जे फळाबद्दल बोलतो, ते बोलताना मालकाच्या जागी जाऊन उभे राहतो. ती जागा आपली नाही. आपल्याला नेमलेलं आहे माळी म्हणून. फळाचा हिशेब ख्रिस्ती शिकवणुकीत नक्की आहे, तो टाळता येत नाही. पण झाडाला जाब विचारायच्या आधी माळ्यानं आळं खणलं का, हे विचारावं लागतं, आणि विदर्भातल्या मंडळ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारणं जवळजवळ बंद केलं आहे, असं माझं मत आहे.

हे मत पुस्तकातून आलेलं नाही. वरुड तालुक्यात आमच्या बाबांची दोन एकर संत्र्याची बाग होती, वीस बाय वीस फुटांवर, एकरी शंभरेक झाडं. धुऱ्याकडच्या ओळीतल्या दोन झाडांचे लागोपाठ तीन बहार बिनफळाचे गेले. पानं पिवळी, शेंड्याकडून सल, म्हणजे फांद्यांची वाळ, खाली उतरत चाललेली, चार फुलं यायची ती गळायची. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला सगळं कळत होतं, त्यामुळे मी म्हटलं, काढून टाका, दुसरी लावा. बाबांनी उत्तर दिलं नाही. टिकास घेऊन बुंध्यापासून हातभर अंतरावर खणायला लागले. एक बारीक मुळी ओढून माझ्या हातात दिली. तिची साल चिमटीतून मोज्यासारखी निघून आली, आत फक्त दोरा. माती आंबूस येत होती. मग कळलं: दोन वर्षांपूर्वी आम्ही ओलिताचा दांड, म्हणजे पाण्याचा पाट, त्या बाजूनं वळवला होता, आमच्या सोयीसाठी, आणि तो झिरपून पाणी बुंध्याशी साचत होतं. झाडं आमच्यामुळे सडत होती. बाबा म्हणाले, "झाडाले बोलून का फायदा? दांड त्यानं वळवला का?"

मग दांड हलवला, दुहेरी आळं केलं म्हणजे पाणी बुंध्याला लागणार नाही, सल कापली, खोडाला बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, लावला, दोन घमेली शेणखत. एक झाड सुधारलं, फळ आलं, फार नाही. दुसऱ्यालाही तेवढीच मेहनत घेतली होती, ते वाळलं. खणलं की फळ येतंच, असं मी म्हणत नाही. बागायती केलेला कुणीच म्हणणार नाही.

तसं म्हणणारे दुसरे लोक आहेत. गेल्या काही वर्षांत आपल्या तालुक्या-तालुक्यांत मांडव टाकून ज्या सभा होतात, त्यांतल्या काहींत एक बोलणं ठरलेलं असतं: बी पेरा, शंभरपट घ्या. बी म्हणजे पैसे. आता मांडवाच्या खांबाला क्यूआर कोडही असतो. पेरणाऱ्याच्या दाखल्यात तीसपट, साठपट, शंभरपट हे शब्द आहेत हे खरं. पण तिथं बी म्हणजे देवाचं वचन, असं येशूनंच फोड करून सांगितलंय. शिवाय त्या दाखल्यातलं बी चारपैकी तीन ठिकाणी वाया जातं, वाटेवर, खडकाळीवर, काट्यांत, आणि पेरणाऱ्याला कुणी अविश्वासू म्हणत नाही. ज्याच्या घरात कृषी केंद्राची उधारी आहे, बँकेचं थकलंय, बायकोची पोत गहाण आहे, त्याला 'हजाराचं बी टाका' म्हणणं आणि पीक गेलं की 'विश्वास कमी पडला' म्हणणं, याला मी शुभवर्तमान मानत नाही. सावकार निदान कागदावर लिहून घेतो.

पीक का जातं हे इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. पाऊस, कोरडवाहू जमीन, भाव, कर्ज. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या पॅकेजचं पुढे काय झालं हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण निदान सरकारनं सिंचन, कर्ज, बियाणं यांवर बोट ठेवलं, कास्तकाराच्या पापावर नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधेनं माणसं मेली. त्या मेलेल्यांच्या घरी जाऊन शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट सांगणारा एक पाळक हवा होता. काही गेलेही असतील. मोठ्या आवाजात मात्र दुसरंच ऐकू येत होतं.

इथं कुणी म्हणेल, मग माणसाची स्वतःची काहीच जबाबदारी नाही का? दारू पिऊन वावर घालवणाऱ्यालाही दांडाचाच दोष देणार का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर बायबलात इतकं रोखठोक आहे की आम्ही ते सहसा प्रवचनाला घेत नाही. बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना म्हणतो, पश्चात्तापाला शोभेल असं फळ द्या. लोक विचारतात, म्हणजे करायचं काय? तो उपासतापास सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्यानं नसलेल्याला एक द्यावा. जकातदार येतात, त्यांना सांगतो, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपाई येतात, त्यांना सांगतो, कुणावर जुलूम करू नका, खोटे आळ घेऊन पैसे उकळू नका, पगारात समाधानी राहा. प्रत्येकाचं फळ त्याच्या धंद्याच्या जागी. आणि ज्याच्या हातात जितकी सत्ता, तितका त्याचा प्रश्न जास्त अवघड.

हीच यादी आपल्या गावात आणा. कापसाचा काटा ज्याच्या हातात आहे, त्याचं फळ म्हणजे काट्याखाली न दबलेला अंगठा. कृषी केंद्रवाल्याचं फळ म्हणजे मागितलं नसताना गळ्यात न मारलेली औषधाची बाटली. ज्याच्याकडे सालदार आहे, त्याचं फळ सालदाराच्या पोराच्या शाळेत दिसलं पाहिजे. आणि निंदणाला जाणाऱ्या बायकांची मजुरी, जी पुरुषाच्या मजुरीपेक्षा कमी असते हे सगळ्या गावाला माहीत असतं आणि कुणालाच खटकत नाही, ती आठवड्याच्या बाजाराआधी हातात पडली का? याकोबाच्या पत्रात लिहिलंय की शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. मजुरी ओरडते. मजूर ओरडले नाहीत तरी. आमच्या मंडळीत मजुरी देणारेही आहेत आणि घेणारेही, एकाच बाकावर नसले तरी एकाच छपराखाली. याकोबाचं ते वचन मी हंगामाच्या सणाला कधी ऐकलेलं नाही.

आणखी एक शब्द आम्ही बायबलात वाचतो आणि वावरात विसरतो: सरवा, म्हणजे कापणीत मागे राहिलेलं धान्य. मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे की शेत कापताना कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. रूथ मवाबातून आली ती त्या सरव्यावर जगली. आमच्याकडे सोयाबीन काढून झालं की बाया-पोरं सरवा वेचायला यायची, अजून येतात. त्यांना हुसकणाऱ्यांत आमचीही माणसं आहेत.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलानं आत्म्याचं फळ म्हणून नऊ गोष्टी मोजल्या आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. रविवारच्या शाळेत पोरं हे गाण्यावर पाठ करतात. मूळ ग्रीकमध्ये 'फळ' एकवचनी आहे, नऊ फळं नाहीत. म्हणजे सहनशीलता घेतली आणि विश्वासूपणा ठेवला, असं निवडून घेता येत नाही. दुसरं, यातली बहुतेक नावं एकट्या माणसाला लागूच होत नाहीत. खोलीचं दार लावून कुणावर ममता करणार? फळ दोन माणसांच्या मध्ये येतं. म्हणून एकट्याच्या अंगावर ते शोधत बसलं की सापडत नाही, आणि मग आम्ही सापडण्यासारखं काहीतरी मोजतो: बाप्तिस्मे किती, सभेला खुर्च्या किती, दशांश किती.

संत्रावाल्यांना हा घोटाळा लगेच कळेल. आपला संत्रा कलमाचा असतो. खाली जंबेरीचा खुंट, वर संत्र्याचा डोळा. कलमाच्या खालून फूट येते ती वेळीच काढली नाही तर जंबेरीच वर जाते. झाड असं फोफावतं की बघत राहावं. हिरवंगार, काटेरी, आणि फळंही पुष्कळ. लांबून जाणारा म्हणेल, काय बहार धरलाय. जवळ जाऊन पाहिलं तर खडबडीत सालीची, दात आंबवणारी. संत्रा कधीच मेलेला असतो. येशू 'त्यांच्या फळांवरून त्यांना ओळखाल' म्हणतो ते याच भानगडीबद्दल, आणि लगेच पुढे म्हणतो की माझ्या नावानं भुतं काढली, चमत्कार केले असं सांगणाऱ्या कित्येकांना मी म्हणेन, मी तुम्हाला ओळखत नाही. चमत्कारांची संख्या तिथं नाकारलेली नाही. फक्त ती कामाला आलेली नाही.

आता जागेचं. 'यानं जागा तरी का अडवावी?' हा प्रश्न विदर्भात अक्षरशः जागेचा आहे. जुन्या मिशनऱ्यांनी घेतलेली आवारं तालुक्याच्या गावांत मोक्याच्या जागी आहेत: कंपाउंड, पडका बंगला, बंद वसतिगृह, चिंचेची झाडं. कितीतरी ठिकाणी त्यावर विश्वस्तांची भांडणं, दावे, परस्पर विकलेले प्लॉट. एकेकाळी त्याच जागांत मुलींच्या शाळा होत्या, बाळंतपणं होत होती. मी मिशनऱ्यांची आरती ओवाळणारी नाही, त्यांचा साहेबी तोरा आमच्या आजीनंच सांगितलेला आहे. पण स्टीफन हिस्लॉप यांचं उदाहरण घ्या. १८४० च्या दशकात नागपूरला आलेला हा स्कॉटिश माणूस शाळा चालवी, खडक आणि जीवाश्म गोळा करी, गोंडांची भाषा आणि चालीरीती टिपून ठेवी. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेला. १८८३ मध्ये त्याच्या नावानं कॉलेज निघालं. तिथून शिकून बाहेर पडलेल्यांत ख्रिस्ती किती होते, हे आज कुणी विचारत नाही. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी सुरू झालेलं रुग्णालय अजून चालू आहे. तिथं मलमपट्टी करणाऱ्यानं फळावर प्रवचन दिलं तर मी पाऊण तासही ऐकेन.

यशयाच्या ५ व्या अध्यायात मळ्याचं गाणं आहे. मालकानं मळा खणला, दगड वेचले, उत्तम वेल लावला, आणि आली आंबट द्राक्षं. पुढे संदेष्टा फोड करतो ती हिब्रू शब्दांवर खेळून: देवानं 'मिश्पात' म्हणजे न्याय पाहिला, तर 'मिस्पाह' म्हणजे रक्तपात दिसला, 'सदाका' म्हणजे नीतिमत्ता पाहिली, तर 'सआका' म्हणजे आकांत ऐकू आला. ऐकायला सारखे, अर्थ उलटे. जंबेरी आणि संत्रा. आणि त्याच्या पुढचंच वचन काय आहे? घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांचा धिक्कार असो. फळाचा विषय काढला की शास्त्र जमिनीवर येतं, दरवेळी. आम्ही तो पुन्हा आभाळात नेतो.

छाटणीबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण दुःखी माणसाला समजावताना ते फार वापरलं जातं. योहानकृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात पिता माळी आहे आणि फळ देणाऱ्या फाट्याची छाटणी करतो. त्यावरून, देव तुम्हाला छाटतोय, आमच्याकडच्या भाषेत 'ताण देतोय', असं सांगतात. मृग बहारासाठी उन्हाळ्यात पाणी तोडून ताण देतात, हे मांडवातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे उपमा बरोबर जाऊन बसते. पण ताण देणारा रोज बागेत जातो. पान किती मलूल झालं ते बघतो. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारीत जास्त, आणि दिवस चुकले तर झाड जातं. विहीर आटली म्हणून मेलेल्या बागेला कुणी ताण दिला म्हणत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र दोन्हींना एकच शब्द लावून आम्ही मोकळे होतो. त्याच अध्यायात फाट्याला सांगितलेलं काम फळ काढायचं नाहीच, राहायचं आहे: माझ्यामध्ये राहा. फळाची आशा धरू नये हे ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यात फार परकं काही वाटू नये. फरक इतकाच की इथं फळ येणं महत्त्वाचंच आहे. फक्त ते फाट्यानं कुंथून काढायचं नाही.

गेल्या सणाच्या लिलावाचे पैसे कंपाउंडच्या गेटला रंग द्यायला गेले. गेट छान दिसतं. यंदा मी पंचांपुढे म्हटलं की या वेळच्या लिलावाचे पैसे ज्यांचं पीक गेलं त्यांच्या खरिपाच्या बियाण्याला द्यावेत, परत मागू नयेत, आणि कुणाला दिले ते वेदीवरून वाचून दाखवू नये. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाले की सवय लागेल. दुसरे म्हणाले, आधी मंडळीला नियमित येतात का ते बघावं लागेल. पाळकसाहेब माझ्या बाजूचे होते असं मला वाटलं, पण त्यांच्या बदलीचं वर्ष आहे. हातपंपाजवळचे काका त्या बैठकीत नव्हते. ते पंच नाहीत.

विषय पुढच्या बैठकीवर टाकला आहे. पुढची बैठक मृग लागल्यावर आहे, आणि बियाणं त्याच्या आधी घ्यावं लागतं.